शहराच्या अर्जावर सही कोणाची? या चुका टाळा
शहराच्या नावाने एखाद्या अधिकृत कार्यक्रमासाठी अर्ज जातो, तेव्हा सर्वांचे लक्ष सादरीकरणाकडे असते आणि सहीचा विचार शेवटच्या दिवशी होतो. माझ्या माहितीतल्या एका पालिकेचा अर्ज असाच परत आला. नगराध्यक्षांच्या छापील नावावर दुसऱ्याच कोणी ‘करिता’ लिहून सही केली होती, आणि सोबत जोडलेला ठराव त्या सहीनंतर आठ दिवसांनी मंजूर झालेला होता. मजकूर उत्तम होता, महिनाभराची मेहनत होती. म्हणूनच ते मला फार लागले.

पहिली चूक म्हणजे मोठे पद तोच सहीचा अधिकार, असे धरून चालणे. पणजी महानगरपालिकेत महापौर सभागृहाचे प्रमुख असतात, तर प्रशासनाची सूत्रे आयुक्तांकडे असतात. म्हापसा, मडगाव किंवा फोंड्यासारख्या नगरपालिकांत हीच विभागणी नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी यांच्यात असते. त्यामुळे अर्जात नेमके कोण मागितले आहे, ते आधी वाचावे. युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या जाळ्यात (क्रिएटिव्ह सिटीज नेटवर्कमध्ये) सामील होण्यासाठी महापौरांचे औपचारिक पत्र लागते, तिथे आयुक्तांची सही कितीही वजनदार असली तरी चालत नाही. उलट, निधी, करारनामा किंवा हिशेब यांची हमी द्यायची असेल, तर केवळ लोकप्रतिनिधींच्या सहीवर विसंबू नये.

दुसरी चूक संस्थेचीच गल्लत करण्याची. पणजीची स्मार्ट सिटी कंपनी ही महानगरपालिकेहून वेगळी, कंपनी म्हणून नोंदलेली संस्था आहे. तिच्या अधिकाऱ्याने पालिकेच्या वतीने सही करू नये. ताळगाव पणजीला लागून असले, शहरासारखे दिसत असले, तरी तिथे पंचायत आहे, म्हणून महापौरांच्या सहीत ते येत नाही.

डिजिटल सहीचा टोकन, म्हणजे ती सही साठवलेले पेनड्राइव्हसारखे साधन, संगणकचालकाच्या खणात ठेवण्याची सवयही मोडावी, कारण ती सही व्यक्तीची असते, खुर्चीची नव्हे. अधिकारी बदलला असेल किंवा प्रभारी असेल, तर त्याच्या नियुक्तीचा आदेश अर्जासोबत जोडावा.

अर्ज अडकलाच, तर जुन्या कागदावर खाडाखोड करू नये आणि मागची तारीख तर मुळीच घालू नये. सभेत ठराव घ्यावा, त्यात कार्यक्रमाचे नाव आणि सही करणाऱ्याचे पद स्पष्ट लिहावे, इतिवृत्ताची साक्षांकित प्रत घ्यावी आणि मगच नव्या पत्रावर, नव्या जावक क्रमांकाने सही घ्यावी.