रुग्णालयाच्या डेटावरील इंटर्नशिप: तयारीपासून हस्तांतरापर्यंत

अभियांत्रिकी, संख्याशास्त्र किंवा वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी रुग्णालयाच्या डेटावर काम करण्यासाठी दोन ते सहा महिन्यांकरिता येतात, तेव्हा बहुतेकांच्या मनात एकच चित्र असते: लाखो नोंदी मिळतील, त्यांवर मॉडेल चालवू आणि निष्कर्ष मांडू. गेली काही वर्षे अशा विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना मला दिसले आहे, की ज्यांनी पहिला महिना ‘हा आकडा कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिला’ या एका प्रश्नावर घालवला, त्यांचेच काम पुढे डॉक्टरांच्या उपयोगी पडले. पुढील सर्व सूचना या एका प्रश्नाभोवतीच फिरतात.

अर्ज करण्यापूर्वी

एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या तक्त्यांतून हवी ती माहिती काढण्याची भाषा, नीट येणे ही पहिली गरज आहे. त्यानंतर पायथॉन किंवा आर यांपैकी एक भाषा. एक्सेलवर भागेल अशी समजूत असेल, तर ती आधीच सोडावी. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात आणि जुन्या स्वरूपातील फाइलमध्ये केवळ ६५,५३६. २०२० साली इंग्लंडमध्ये कोविड चाचण्यांचे निकाल या जुन्या स्वरूपात साठवले जात होते. फाइल भरली आणि पुढच्या ओळी निमूटपणे गळून पडल्या. त्यामुळे २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकड्यांत आली नाही आणि त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोधही लांबला.

सरावासाठी खरा डेटा हवा, आणि तो घरबसल्या मिळू शकतो. बोस्टनमधील बेथ इस्रायल डिकनेस या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांतील नोंदींवरून एमआयटीच्या प्रयोगशाळेने ‘मिमिक’ नावाचा संच तयार केला आहे. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत २००१ ते २०१२ या काळातील सुमारे ४६ हजार रुग्ण आहेत आणि केवळ खाटेशेजारी घेतलेल्या नोंदींच्या तक्त्यात सुमारे ३३ कोटी ओळी आहेत. शंभर रुग्णांचा नमुना संच ‘फिजिओनेट’ या संकेतस्थळावर सर्वांना खुला आहे. पूर्ण संचासाठी मात्र मानवी संशोधनातील नीतिनियमांचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि डेटा वापराच्या करारावर सही करावी लागते. परवानगी मिळेपर्यंत काही दिवस जातात, म्हणून ही प्रक्रिया सुटी लागण्यापूर्वीच सुरू करावी.

या संचावर पहिला सराव म्हणून एक साधा प्रश्न सोडवावा: रुग्णांचे सरासरी वय किती? उत्तर काढताना तुम्हाला तीनशे वर्षांपेक्षा जास्त वयाचे रुग्ण सापडतील. ही टंकलेखनातील चूक नाही. ८९ वर्षांपुढील व्यक्ती समाजात मोजक्याच असतात आणि त्या वयावरून ओळखू येऊ शकतात, म्हणून तिसऱ्या आवृत्तीत त्यांच्या जन्मतारखा मुद्दाम तीनशे वर्षे मागे ढकलल्या आहेत. सर्वच रुग्णांच्या तारखाही बदलून २१०० ते २२०० या शतकात नेलेल्या आहेत; एकाच रुग्णाच्या दोन नोंदींमधील अंतर मात्र जसेच्या तसे ठेवले आहे. दुसरा सराव नाडीचे ठोके शोधण्याचा. ते २११ या कोडखाली मिळतात. पण रुग्णालयाने मध्येच नोंदींची संगणक प्रणाली बदलल्यामुळे पुढच्या रुग्णांचे ठोके २२००४५ या कोडखाली आहेत. जो विद्यार्थी एकच कोड घेऊन पुढे जातो, त्याच्या अभ्यासातून नकळत कित्येक वर्षांचे रुग्ण गायब होतात. हे दोन सराव मन लावून केलेला विद्यार्थी मुलाखतीत लगेच ओळखू येतो.

ज्यांना रुग्णालयापेक्षा सार्वजनिक आरोग्यात रस आहे, त्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाकडे वळावे. मुंबईत देवनार येथे असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था त्याचे काम पाहते. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबांची माहिती घेतली गेली. येथे प्रत्येक नोंदीसोबत भारांक, म्हणजे हिशेबात त्या नोंदीला किती वजन द्यायचे तो आकडा, दिलेला असतो आणि तो न वापरता काढलेली टक्केवारी चुकीची ठरते. नवखे विद्यार्थी सर्वाधिक चुकतात ते याच ठिकाणी.

अर्ज आणि पहिली भेट

अर्जाचे पत्र एका पानाचे असावे. त्यात आपल्याला काय येते याच्यापेक्षा कोणत्या प्रश्नावर काम करायचे आहे, हे लिहावे. ‘आरोग्यक्षेत्रात कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा प्रश्न झाला नाही. ‘शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत पुन्हा दाखल झालेल्या रुग्णांमध्ये कोणती गोष्ट समान आढळते’ हा झाला. भेट ठरल्यावर तीन गोष्टी स्पष्टपणे विचाराव्यात: डेटा आज उपलब्ध आहे की अजून गोळा व्हायचा आहे, एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाली आहे का, आणि रोजच्या शंका विचारण्यासाठी एक डॉक्टर व एक संगणक विभागातील व्यक्ती नेमून दिली जाईल का. मंजुरीला कित्येकदा आठवडे लागतात. दोन महिन्यांची इंटर्नशिप आणि मंजुरी अजून नाही, अशी स्थिती असेल तर मिमिकसारख्या खुल्या संचावर काम करण्याची तयारी दाखवावी, किंवा नम्रपणे नकार द्यावा.

गोपनीयता

नाव आणि मोबाइल क्रमांक काढून टाकला, की नोंद निनावी झाली असे समजू नये. १९९० च्या दशकात लटान्या स्वीनी या संशोधिकेने, तेव्हा त्या विद्यार्थिनीच होत्या, मॅसॅच्युसेट्स राज्याने निनावी म्हणून दिलेल्या वैद्यकीय नोंदी मतदारयादीशी जुळवल्या आणि खुद्द गव्हर्नरांची नोंद शोधून काढली. त्यासाठी जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढेच पुरले. आपल्याकडे तर याहूनही कमी पुरते. तालुका, वय आणि ‘डायलिसिस’ हा एक शब्द दिला, की एखाद्या लहान गावात ती व्यक्ती कोण हे एसटी स्टँडवरचा कोणीही सांगेल.

म्हणून काही नियम पहिल्या दिवसापासून पाळावेत. डेटा रुग्णालयाने दिलेल्या संगणकावरच ठेवावा; पेनड्राइव्हवर, स्वतःच्या ई-मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर तो पाठवू नये, गाइडने घाईत मागितला तरीही. तक्त्यात दहापेक्षा कमी रुग्णांचा गट येत असेल तर तो शेजारच्या गटात मिसळावा. डिस्चार्ज समरीतील मजकूर ऑनलाइन चॅटबॉटमध्ये चिकटवून त्याचा सारांश मागू नये. मिमिकचा करारही डेटा अशा बाहेरच्या सेवांना देण्यास मनाई करतो. भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम आहे, तसेच मानवी सहभागाच्या संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्या तत्त्वांतील गोपनीयतेचे आणि संमतीचे भाग तरी इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात वाचून काढावेत.

आकड्याच्या उगमापर्यंत जाणे

आता मुख्य गोष्ट. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने रुग्णांच्या तापमानाच्या नोंदी स्वच्छ करताना ९० च्या खालचे सर्व आकडे चुकीचे मानून काढून टाकले. फॅरनहाइटमध्ये ३७ तापमान असलेला माणूस जिवंत राहणार नाही, हा तिचा तर्क बरोबरच होता, आणि तो तपासून मान्य करणारा मीच होतो. तीन आठवड्यांनी अंतिम तक्ते पाहताना लक्षात आले, की त्यांत नवजात अतिदक्षता विभागातील एकही बाळ नाही. ती आणि मी त्या विभागात गेलो. काचेच्या पेटीशेजारी उभ्या असलेल्या सिस्टरांनी बाळाच्या त्वचेवर चिकटवलेला सेन्सर दाखवला. त्याच्या पडद्यावर ३६.८ हा आकडा होता. तो सेल्सिअसमध्ये होता. सिस्टरांनी तो आधी कागदी चार्टवर लिहिला आणि पाळी संपताना सगळे आकडे एकदम संगणकात भरले. बाकीच्या वॉर्डांत फॅरनहाइट वापरत असत आणि संगणकातील रकान्यात एकक लिहिण्याची सोयच नव्हती. तीन आठवड्यांचे काम आम्ही पुन्हा केले. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचे पहिले तीन दिवस वॉर्डात, प्रयोगशाळेत आणि केसपेपर जपणाऱ्या रेकॉर्ड विभागात जातात. संगणकाला तोवर हात लावायचा नाही.

तेथे काय पाहावे? नोंदीची वेळ आणि मोजमापाची वेळ यांत किती अंतर पडते ते पाहावे. कारण पाळीच्या शेवटी भरलेल्या आकड्यांवर सारखीच वेळ पडते आणि मॉडेलला वाटते, की सगळे काही एकाच क्षणी घडले. श्वासाचा दर पाहावा. तो माणसाने घड्याळ लावून मोजायचा असतो, त्यामुळे गर्दीच्या वॉर्डात रुग्णामागून रुग्णाच्या नावापुढे १८ किंवा २० असेच आकडे दिसतात. हाताने घेतलेल्या रक्तदाबाचा शेवटचा अंक शून्य लिहिण्याकडे कल असतो. प्रयोगशाळेत गेलात तर तंत्रज्ञांना पोटॅशियमबद्दल अवश्य विचारा: रक्त घेताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांतील पोटॅशियम बाहेर येते आणि आकडा खोटाच वाढतो. अहवालाखाली तशी टीप असते, पण डेटा उतरवून घेताना ती टीप बहुधा मागेच राहते.

न केलेली चाचणीही काही सांगत असते. रक्तातील लॅक्टेटची तपासणी डॉक्टर प्रकृती गंभीर वाटली तरच सांगतात. तेव्हा तो रकाना रिकामा असणे म्हणजे डॉक्टरांना रुग्ण बरा वाटला, अशी शक्यता असते. अशा रिकाम्या जागा सरासरीने भरून टाकल्या, तर ही माहिती पुसली जाते.

आणि जे रुग्णालयात आलेच नाहीत, ते या डेटात नाहीत. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी सुरू झाली, तेव्हा बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावांमध्ये जाऊन रुग्ण शोधावे लागले. रुग्णालयात बसून ती मोजणी झाली नसती. तुमच्या अहवालात ‘महाराष्ट्रातील रुग्ण’ असे लिहिण्यापूर्वी ते ‘या रुग्णालयात पोहोचलेले रुग्ण’ आहेत, हे स्वतःशी तपासा आणि तसेच लिहा.

मॉडेल

मॉडेलचे तंत्र पुस्तकांत आणि अभ्यासक्रमांत भरपूर मिळते, म्हणून येथे नेहमी होणाऱ्या चुकांपुरतेच लिहितो. एकच रुग्ण तीनदा दाखल झाला असेल, तर त्याच्या तिन्ही नोंदी एकतर मॉडेलला शिकवण्याच्या गटात किंवा ते तपासण्याच्या गटात ठेवाव्यात. विभागल्या तर मॉडेल आजाराऐवजी माणूस ओळखू लागते. पहिल्या चोवीस तासांत धोका ओळखायचा असेल, तर त्यानंतर तयार झालेली कोणतीही माहिती वापरू नये. निदानाचे कोड येथे हमखास दगा देतात, कारण मिमिकमध्ये ते रुग्ण घरी गेल्यावर बिलासाठी लावलेले आहेत.

अचूकतेचा आकडा फार चांगला आला, तर आनंदाआधी शंका यावी. अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांवर १९९० च्या दशकात केलेल्या अभ्यासात यंत्राने असा नियम शोधला, की दमा असलेल्यांना मृत्यूचा धोका कमी असतो. डेटात ते खरेच होते. दम्याच्या रुग्णाला न्यूमोनिया झाला की त्याला थेट अतिदक्षता विभागात नेत असत आणि त्या काळजीमुळे तो वाचत असे. हा नियम प्रवेशाच्या टेबलावर वापरला असता, तर नेमक्या ज्यांना काळजीची गरज होती त्यांनाच घरी पाठवले गेले असते. २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनात असाच प्रकार उघड झाला: आजार किती गंभीर आहे हे ठरवण्यासाठी उपचारावर झालेला खर्च धरला होता, आणि कृष्णवर्णीय रुग्णांवर मुळातच कमी खर्च होत असल्याने ते कमी आजारी ठरले. आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांच्या दाव्यांवर काम करणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. दाव्यातील पॅकेजची रक्कम कोणत्या उपचाराचे पैसे मिळाले एवढे सांगते. रुग्ण किती आजारी होता, हे त्यावरून ठरवता येत नाही.

शेवटचे दोन आठवडे

नवे विश्लेषण थांबवून हे दिवस लिखाणासाठी राखून ठेवावेत. प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक, तो कोण भरतो आणि कोणत्या नोंदी का वगळल्या, हे साध्या मराठीत किंवा इंग्रजीत लिहून ठेवावे. पुढच्या विद्यार्थ्याला तुमच्या मॉडेलपेक्षा या कागदाचा उपयोग अधिक होतो. निष्कर्ष सभागृहात मांडण्यापूर्वी ज्या वॉर्डातील नोंदी वापरल्या, तेथील सिस्टरांना आणि निवासी डॉक्टरांना पाच मिनिटे दाखवावेत. ‘असे कसे होईल, मंगळवारी तर आमच्याकडे ओटी (शस्त्रक्रिया) नसते’ असे वाक्य तेथेच ऐकायला मिळते, आणि ते सादरीकरणाच्या आधी ऐकलेले बरे.

निरोप घेण्याच्या दिवशी डेटाची स्वतःकडील प्रत्येक प्रत पुसावी. ती डाउनलोडच्या फोल्डरमध्ये, रीसायकल बिनमध्ये आणि नोटबुकच्या (कोड आणि त्याचे निकाल एकत्र ठेवणाऱ्या) फाइलीत छापून राहिलेल्या ओळींतही असते. तेथे पाहून, सर्व पुसल्याचे गाइडना लेखी कळवावे आणि त्या पत्राची पोच घ्यावी.