जुना कॉम्बिनेशन रंधा कसा ओळखावा आणि कसा पारखावा

पूर्वी लाकडात सरळ खाच पाडायची, फळीच्या कडेला जीभ (दुसऱ्या फळीच्या खाचेत बसणारी उंच पट्टी) काढायची किंवा चौकटीवर गोल कंगोरा उठवायचा, तर प्रत्येक कामासाठी वेगळा लाकडी रंधा लागत असे आणि कंगोऱ्याचा आकार बदलला की रंधाही बदलत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही सारी कामे एकाच बिडाच्या सांगाड्यावर पाते बदलून करण्याची युक्ती निघाली, तोच कॉम्बिनेशन रंधा. हे एक हत्यार दिसत असले तरी प्रत्यक्षात तो सुट्या भागांचा संच आहे. म्हणून त्याची पारख करताना चकाकीकडे न पाहता, सर्व भाग हजर आहेत का आणि ते एकमेकांचे आहेत का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

रंधा हाती आल्यावर तो लगेच साफ करू नये. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश एकदा फिरला की निकेलचा मुलामा, काळा रंग, ओतकामातील नक्षी आणि पुसट अक्षरे यांतला काही भाग कायमचा जातो. आणि वय व निर्माता कळतो तो याच खुणांवरून. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसावी, हवे तर तेलाचा एक थेंब लावून अक्षरे वाचावीत, आणि सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत.

मग रंधा उलटा धरावा. साध्या रंध्याला सपाट, रुंद तळ असतो. येथे मात्र तळाच्या जागी दोन अरुंद धावपट्ट्या दिसतात. एक मूठ असलेल्या मुख्य अंगाला असते आणि दुसरी दोन गोल गजांवर सरकणाऱ्या भागाला. पात्याच्या रुंदीप्रमाणे हा भाग आत-बाहेर सरकवायचा असतो. त्याच गजांवर लाकडी तोंडाची आधारपट्टी बसते आणि ती फळीच्या कडेला टेकवून खाचेचे कडेपासूनचे अंतर राखले जाते. एवढे दिसले की जात ओळखली असे समजावे.

निर्मात्याचे नाव व क्रमांक बहुधा ओतकामात उठवलेले किंवा ठशाने उमटवलेले असतात. सर्वाधिक आढळतो तो अमेरिकेतील स्टॅन्ले कंपनीचा ४५ क्रमांकाचा रंधा. तो १८८० च्या दशकात बाजारात आला आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बनत राहिला. त्याच कंपनीचा ५५ क्रमांकाचा रंधा १८९७ पासूनचा आहे. त्याचा सरकता भाग वर-खालीही हलवता येतो आणि मधोमध तिसरा आधारही लावता येतो, त्यामुळे दोहोंत गल्लत होण्याचे कारण नाही. इंग्लंडमधील शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीचा ४०५ हा ४५ च्याच धर्तीचा आहे. सार्जंट कंपनीचा १०८० हाही याच कुळातला. अंगावर पेटंटची तारीख असली, तर ती रंधा बनल्याची तारीख समजू नये. ती कल्पनेच्या नोंदणीची तारीख असते आणि पुढे कित्येक वर्षे तीच छापली जाई. मूठ, नक्षी, मुलामा आणि स्क्रूंची घडण यांचा एकत्रित विचार करूनच काळाचा अंदाज बांधावा.

यानंतर भागांची मोजणी करावी, आणि येथे घाई मुळीच करू नये. ४५ क्रमांकाच्या रंध्यासाठी मुख्य अंग, सरकता भाग, आधारपट्टी, लांब व आखूड गजांच्या जोड्या, खोली ठरवणारे थांबे, फळी चिरण्याचे वेगळे पाते आणि गजावर बसणारा छोटा टेकू यांची यादी हाताशी ठेवावी. टेकू आणि चिरण्याचे पाते सर्वांत आधी हरवतात. तंतूंना आडवे कापताना कडा फाटू नये म्हणून धावपट्टीत बसवलेली छोटी चकतीही पाहावी. बऱ्याच रंध्यांत तिला तीन धारदार पाकळ्या आणि चौथी बाजू रिकामी असते, म्हणजे नको तेव्हा ती रिकामी बाजू खाली फिरवता येते. हरवलेल्या स्क्रूला क्षुल्लक मानू नये. या रंध्यांच्या अनेक स्क्रूंचे आटे साध्या दुकानी स्क्रूंशी जुळत नाहीत, आणि जबरदस्तीने बसवलेला स्क्रू बिडातले आटे खराब करतो.

मी एकदा असाच एक रंधा केवळ लखलखीत निकेल पाहून घेतला होता. घरी येऊन सपाट काचेवर ठेवला, तेव्हा एक धावपट्टी काचेला टेकलेली आणि दुसरी केसभर अधांतरी दिसली. सरकता भाग दुसऱ्याच रंध्याचा होता. तेव्हापासून मी ही तपासणी प्रथम करतो: दोन्ही धावपट्ट्या एकत्र सपाट पृष्ठभागावर ठेवाव्यात, मागे दिवा धरावा आणि खालून प्रकाश येतो का ते पाहावे. नंतर सरकता भाग गजांवरून पुढे-मागे न्यावा. तो अडखळला तर गज वाकला आहे किंवा भोकात गंज साठला आहे. गंज निघतो, वाकलेला गजही बदलता येतो, पण धावपट्टीचा बाक काढणे अवघड असते. गज बसतात त्या भोकांभोवती आणि मुठीच्या मुळाशी तडे शोधावेत. पितळी रंगाची बारीक रेघ दिसली तर तेथे झाळून सांधलेले आहे. मूठ बहुधा शिसवी असते. वरची चीर फार बोचू नये, पण तुटून गेलेले टोक मोल कमी करते.

पात्यांवर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण पाती नसलेला सांगाडा निरुपयोगी असतो. खाचेची, कंगोऱ्याची, जिभेची, खिडकीच्या चौकटीची अशी वेगवेगळी पाती असतात आणि ती मूळ लाकडी किंवा पत्र्याच्या पेटीत मिळाली तर उत्तमच. प्रत्येक पात्याची सपाट पाठ धारेजवळ पाहावी. तेथे गंजाचे खड्डे असतील तर धार कधीच अखंड लागणार नाही, मग पुढची बाजू कितीही घासा. वारंवार घासून आखूड झालेले पाते आणि आकार बिघडलेले कंगोऱ्याचे पाते यांना संख्येत धरू नये.

शेवटी चाचणी घ्यावी. पाव इंची सरळ पात्याला धार लावून ते धावपट्टीच्या बाहेरील अंगापेक्षा किंचितच बाहेर ठेवावे, नाहीतर रंधा खाचेत अडकतो. सरळ तंतूंच्या मऊ फळीवर दूरच्या टोकापासून सुरुवात करावी, प्रत्येक खेपेला थोडे मागे येत लांबी वाढवावी आणि आधारपट्टी सतत कडेला दाबून धरावी. रंधा सुस्थितीत असेल तर पातळ सलग साल निघते, भिंती उभ्या व स्वच्छ राहतात आणि थांबा फळीला टेकताच पाते कापणे बंद करते. खाच तिरकी गेली तर आधारपट्टी गजांवर काटकोनात राहते का ते पाहावे. खोली दोन टोकांना वेगळी आली तर थांब्याचा स्क्रू घसरतो आहे.