रोजच्या लिखाणासाठी शाईपेन आणि दैनंदिनी निवडताना

शाईपेन घ्यायला निघालेला माणूस बहुधा आधी पेन घेतो, मग शाईची बाटली घेतो आणि कागदाचा विचार सगळ्यांत शेवटी करतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी हौसेने जाड निबचे एक चांगले पेन घेतले आणि त्या वर्षी भेट मिळालेल्या डायरीत लिहायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात पानाच्या एका बाजूचा मजकूर दुसऱ्या बाजूला इतका उतरला की तिथे लिहिणे अशक्य झाले. पेनात दोष नव्हता आणि शाईही उत्तम होती. त्या कागदाशी त्यांची जोडी जमत नव्हती, एवढेच. म्हणून आपण रोज काय, किती आणि कुठे बसून लिहितो हे ठरवावे, त्यानुसार दैनंदिनी घ्यावी आणि तिच्या कागदाला मानवेल असे पेन मग शोधावे.

दैनंदिनीचे मुख्य प्रकार दोन: रोजचे एक पान देणारी आणि समोरासमोरच्या दोन पानांवर पूर्ण आठवडा मांडणारी. ज्याला कामांची यादी, भेटीच्या वेळा आणि एखादी नोंद एवढेच लिहायचे आहे, त्याला आठवड्याची मांडणी पुरते आणि आठवडाभराचा अंदाजही एका नजरेत येतो. ज्याला दिवस संपताना दहा-बारा ओळी लिहायची सवय आहे, त्याने रोजचे पान असलेलीच घ्यावी. वर्ष कुठून सुरू होते हेही पाहावे. शिक्षकांचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि हिशेबाचे काम करणाऱ्यांचे एप्रिलमध्ये, तेव्हा जानेवारीची छापील दैनंदिनी त्यांच्या कामाच्या मधोमध संपते. अशांनी तारखा न छापलेली घेऊन त्या स्वतः घालाव्यात. तिथी, सण आणि सुट्ट्या पाहायला १९७३ पासून निघणारे कालनिर्णय घराघरांत भिंतीवर असतेच, त्यामुळे ती माहिती छापण्यात दैनंदिनीची जागा अडली नाही तर उत्तमच.

मराठीत लिहिणाऱ्याने ओळींमधले अंतर मात्र आवर्जून तपासावे. आपल्या लिपीत रफार आणि मात्रा वर जातात, उकार आणि ऋकार खाली उतरतात. ‘कर्तृत्व’ हा एकच शब्द लागोपाठच्या दोन ओळींत लिहून पाहिला, तर ६ मिलिमीटरच्या ओळीत वरचा ऋकार आणि खालचा रफार एकमेकांना भिडू लागतात. ८ मिलिमीटरच्या ओळीत मात्र हात मोकळा चालतो. फिकट ठिपक्यांचे पान असेल तर शिरोरेषा कुठे ओढायची हे आपले आपल्याला ठरवता येते, म्हणून मला ते रेघी पानापेक्षा अधिक सोयीचे वाटते. बांधणी शिलाईची असावी, म्हणजे वही टेबलावर सपाट उघडते; नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या वहीचे पान एका हाताने दाबून धरावे लागते आणि आतल्या बाजूचे शब्द आखडतात.

कागदाबद्दल दुकानदार जीएसएमचा आकडा सांगतात. हा आकडा म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. शाई कशी धरली जाईल हे त्यावरून पुरते कळत नाही. ते अवलंबून असते कागद तयार करताना त्याला दिलेल्या खळीवर आणि त्याच्या पृष्ठभागावर. झेरॉक्सचा कागद साधारण ७० ते ८० जीएसएमचा असूनही त्यावर शाई पुष्कळदा फुटते. उलट तोमोए रिव्हर हा ५२ जीएसएमचा पातळ जपानी कागद शाई वरच्या वर धरतो, पण ती सुकायला वेळ लावतो आणि मागच्या बाजूने अक्षरांची सावली दिसते. म्हणून आकड्यावर न विसंबता आपले भरलेले पेन सोबत न्यावे आणि विचारून शेवटच्या पानावर लिहून पाहावे. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर खरेदी करत असाल, तर गर्दीची वेळ टाळून जावे, म्हणजे हे निवांतपणे करता येते. एक रेघ सावकाश ओढावी, निब एका जागी तीन सेकंद टेकवून ठिपका पाडावा आणि मग रेघेच्या कडा निरखाव्यात. कडांना केसासारखे तंतू फुटले असतील तर कागद शाई पितो. पान उलटून ठिपका पलीकडे आला का ते पाहावे आणि दहा सेकंदांनी अक्षरावरून हलकेच बोट फिरवावे. डावखुऱ्यांसाठी ही शेवटची चाचणी सर्वांत महत्त्वाची, कारण त्यांचा हात ओल्या अक्षरांवरूनच पुढे सरकतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यातल्या दमट हवेत चांगल्या कागदावरही शाई थोडी फुटू शकते, म्हणून त्या दिवसांत दैनंदिनी खिडकीजवळ उघडी ठेवू नये.

आता निब. निबवरचे एफ हे अक्षर म्हणजे फाइन, बारीक. जपानी कंपन्यांचा एफ हा साधारणपणे युरोपीय कंपन्यांच्या एफपेक्षा बारीक असतो, तेव्हा नुसते अक्षर वाचून निब घेऊ नये. ‘कळकळ’ हा शब्द आपल्या नेहमीच्या आकारात लिहावा: क आणि ळ यांच्या पोकळ्या स्वच्छ उघड्या राहिल्या तर निब योग्य, त्या शाईने बुजल्या तर एक पायरी बारीक घ्यावा. दुसरी परीक्षा शिरोरेषेची. चार-पाच शब्द लिहून त्यांवर डावीकडून उजवीकडे रेघ ओढावी. उभ्या रेघांना गुळगुळीत वाटणारा निब आडव्या ओढीत कित्येकदा खरखरतो, आणि आपल्याला तर ही ओढ प्रत्येक शब्दाला लागते. पहिल्या पेनासाठी प्लॅटिनम या जपानी कंपनीच्या प्रेपी पेनाचा ०३ निब मी सुचवीन, कारण तो बारीक आहे आणि त्याच्या टोपणाच्या आतल्या झाकणामुळे शाई लवकर सुकत नाही. लॅमी सफारीची पकड त्रिकोणी असते. ती काहींच्या बोटांना वळण लावते, काहींना जाचते, म्हणून ते पेन हातात धरल्याशिवाय घेऊ नये. त्याचा निब घरी बदलता येतो, ही मोठी सोय आहे.

ड्रॉपरने थेट टाकीत शाई भरायची आपल्याकडची एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, पेने हाताला उबदार लागतात आणि एकदा भरली की पुष्कळ दिवस चालतात. मात्र शाई तळाला गेली की हाताच्या उष्णतेने आतली हवा प्रसरण पावून शाईचा थेंब पानावर पडू शकतो, म्हणून एक तृतीयांश उरली की पुन्हा भरावी आणि आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा.

शाईच्या बाबतीत सुरुवात साध्या रॉयल ब्लूने करावी. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या व्यवसायातून पुढे आलेली कॅमलची शाई गावोगावी मिळते आणि रोजच्या लिखाणाला पुरते. रॉयल ब्लू बहुधा पाण्याने धुऊन निघते, त्यामुळे सहीसाठी किंवा जपून ठेवायच्या कागदांसाठी शाईपेनाचीच टिकाऊ शाई वेगळी घ्यावी. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई शाईपेनात कधीही भरू नये. ती आत सुकून घट्ट बसते आणि पेन कायमचे निकामी होऊ शकते. शाई बदलताना, आणि एरवीही महिना-दीड महिन्याने, निब साध्या थंड पाण्यात पाणी नितळ होईपर्यंत धुवावा, गरम पाणी वापरू नये, आणि रात्रभर सुती कापडावर टेकवून सुकू द्यावा. पेन खिशात ठेवताना निब वरच्या बाजूला राहील असेच ठेवावे.