मुंबईच्या खंडीवरून गावातल्या कापसाचा भाव कसा काढावा

सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची शेतातील पूजा, करून पहिली वेचणी घरात येते आणि दुसऱ्याच दिवशी खेडा खरेदीची, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याची, गाडी दारात उभी राहते. काही वर्षांपूर्वी अशाच एका व्यापाऱ्याने मला सांगितले होते, "मुंबई तुटली भाऊ, आज अडीचशे कमी भेटन." मी मुकाट्याने कापूस मोजून दिला. त्या दिवशी मुंबईत खंडीचा, म्हणजे तिथल्या वजनमापाचा, भाव खरोखरच उतरला होता, परंतु फक्त पाचशे रुपयांनी, आणि खंडीमागे पाचशे म्हणजे आपल्या क्विंटलमागे अठ्ठेचाळीस रुपयेसुद्धा होत नाहीत, हे मला नंतर हिशेब मांडल्यावर कळले. हा हिशेब कोणत्याही शेतकऱ्याला वहीच्या एका पानावर मांडता येतो.

प्रथम मुंबईतील भाव कशाचा असतो ते लक्षात घ्यावे. हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन स्थानकाजवळ कॉटन एक्स्चेंजची जुनी इमारत आहे आणि कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया ही व्यापाऱ्यांची संस्था तेथून रोजचे हजर भाव जाहीर करते. हा भाव आपण विकतो त्या कापसाचा नसून सरकी काढलेल्या रुईचा असतो आणि तो खंडीवर, म्हणजे 356 किलोवर, सांगितला जातो. रुई दाबून बांधलेली गाठ मात्र 170 किलोची असते, त्यामुळे खंडीचा भाव ऐकताना गाठ डोळ्यांसमोर आणली की तेथेच गणित चुकते. भावाच्या यादीत धाग्याच्या लांबीप्रमाणे वेगवेगळ्या ओळी असतात. आपल्याकडच्या चांगल्या कापसासाठी साधारणपणे 29 मिलिमीटरची ओळ पाहावी.

आता प्रत्यक्ष हिशेब. समजा, खंडी 53,000 रुपये आहे. तिला 356 ने भागल्यास रुईचा भाव किलोला 148 रुपये 88 पैसे येतो. एका क्विंटल कापसातून 34 किलो रुई निघते असे धरले, तर रुईचे 5,062 रुपये झाले. उरलेल्यापैकी दोन किलो कचरा आणि घट सोडून 64 किलो सरकी राहते. ती 35 रुपये किलोने गेली तर 2,240 रुपये येतात. एकूण 7,302 रुपये. त्यातून जिनिंग-प्रेसिंग, वाहतूक, हमाली आणि व्यापाऱ्याचा नफा वजा करावा. हा खर्च जवळच्या जिनिंगमध्ये विचारूनच घ्यावा, कारण तो जागोजागी वेगळा असतो. समजा तो 400 रुपये निघाला, तर त्या दिवशी 6,900 रुपयांच्या आसपासचा भाव रास्त आहे आणि 6,500 मागणाऱ्याला कारण विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

या गणितात माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित राहते ती सरकी. खंडी हजार रुपयांनी हलली तर क्विंटलमागे सुमारे 95 रुपयांचा फरक पडतो. सरकी मात्र किलोमागे पाचच रुपयांनी हलली तरी 320 रुपयांचा फरक पडतो, म्हणजे खंडी तीन हजारांहून अधिक चढल्या-उतरल्यासारखेच झाले. मुंबई तुटल्याची बातमी व्यापारी आवर्जून सांगतो. सरकी चढल्याची बातमी घेऊन कोणी दारात येत नाही. म्हणून खंडीबरोबर सरकीचा आणि ढेपेचा (सरकीच्या पेंडीचा) भावही रोज पाहावा. ढेपेचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा, अकोला हे केंद्र धरून चालतो, तेव्हा ही बातमी तर आपल्या घरचीच आहे. गाई-म्हशींसाठी ढेप विकत घेणाऱ्या शेजाऱ्याला विचारले तरी अंदाज येतो.

रुईचा उतारा, म्हणजे शंभर किलो कापसातून किती किलो रुई निघते ते, सर्वांचा सारखा नसतो. तो घरीच तपासावा. वाळलेला शंभर ग्रॅम कापूस सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातील लहान काट्यावर मोजून घ्यावा, हाताने रुई ओढून सरकी वेगळी करावी आणि फक्त सरकी मोजावी. ती 64 ग्रॅम भरली तर उतारा 36 च्या जवळ आहे. कचरा आणि जिनिंगमधील घट यांसाठी एक-दोन टक्के सोडावेत. वरच्या भावात उतारा एका टक्क्याने वाढला की क्विंटलमागे सुमारे 114 रुपये वाढतात. पहिल्या वेचणीचा कापूस आणि फरदड (हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या झाडांचा कापूस) यांची ही तपासणी वेगवेगळी करावी, आणि दोन्ही एकाच गंजीत मिसळू नयेत.

मुंबईचा भावही मुंबईत एकट्याने ठरत नाही. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा, 1861 ते 1865 या काळात, तिकडची रुई बंद होऊन मुंबईत पैशांचा पूर आला आणि युद्ध संपताच बाजार कोसळला. पुढे 1867 मध्ये रेल्वे नागपूरला आणि 1870 मध्ये तिची शाखा खामगावला पोहोचली, तीही मुख्यतः आपला कापूस बंदरावर नेण्यासाठीच. आज न्यूयॉर्कचा वायदा पाहावा. तो पौंडाला किती सेंट असे सांगितला जातो. त्या आकड्याला 7.84 ने आणि नंतर डॉलरच्या रुपयांतील भावाने गुणले की खंडीचा भाव निघतो. 68 सेंट आणि 85 रुपये डॉलर धरल्यास तो सुमारे 45,300 येतो. त्यावर जहाजाचे भाडे आणि आयात शुल्क चढते. हे 11 टक्के शुल्क ऑगस्ट 2025 मध्ये उठवले गेले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली गेली, तेव्हा ऐन वेचणीत बाहेरची रुई स्वस्त का झाली हे या एका गुणाकारातून दिसते.

शेवटी काढलेला भाव हमीभावाशी ताडून पाहावा. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये होता. सीसीआयच्या (भारतीय कपास निगम या सरकारी संस्थेच्या) खरेदीत तो आठ टक्के ओलाव्यापर्यंत मिळतो, पुढे प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात होते आणि बारा टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असल्यास माल परत येतो. बारा टक्के ओलावा म्हणजे 324 रुपयांची कपात, म्हणून दवातला कापूस वेचून लगेच गाडीत भरण्याऐवजी दोन दिवस उन्हात पसरावा.

तारीख, खंडी, सरकी, आपण काढलेला भाव आणि गावात मिळालेला भाव असे पाच रकाने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे आखून ठेवावेत. शेवटच्या दोन रकान्यांतील अंतर आवक दाटलेल्या दिवसांत किती वाढते, हे एका हंगामातच आपल्या डोळ्यांनी पाहायला मिळेल.