मिनिमल टेक्नो आणि हाऊस: लेबलचा माग काढत रेकॉर्ड्स कशा शोधाव्यात

मिनिमल टेक्नो किंवा मिनिमल हाऊस, म्हणजे मोजक्या आवाजांवर चालणारं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत, ऐकायला लागलेल्या माणसाची पहिली पंचाईत नावांपाशी होते. कलाकार टोपणनावाने वावरतो, कधी एकाच माणसाची चार-चार टोपणनावं असतात. ट्रॅकला अनेकदा नावच नसतं, 'ए १', 'बी २' (बाजू आणि त्यावरचा क्रमांक) एवढ्यावर भागवलेलं. रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर एखादा रबरी शिक्का, बाकी सगळं कोरं. गाण्याचे शब्द किंवा गायकाचं नाव टाकून शोधायची सवय इथे उपयोगाची नाही. इथे धरायचं ते लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी. छोटं स्वतंत्र लेबल म्हणजे बहुतेक वेळा एक-दोन माणसं, त्यांची आवड आणि त्यांची पदरमोड. त्यांची आवड तुमच्या आवडीशी जुळली, की पुढच्या वीस रेकॉर्ड्स शोधायचं निम्मं काम झालं म्हणून समजा.

पायरी १: आधी ऐकायची पद्धत बदला

हे संगीत साधारण १२० ते १३० बीपीएमच्या (मिनिटाला ठोके) दरम्यान चालतं. प्रत्येक मात्रेला किक (ड्रमचा खर्जातला ठोका) पडते, आणि गंमत असते ती त्या किकच्या आजूबाजूला काय सरकतं यात. एखादा आठ-दहा मिनिटांचा ट्रॅक निवडा आणि तो तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त किक आणि बेस. दुसऱ्यांदा हाय-हॅट (झांजेचा बारीक आवाज) आणि टाळी. तिसऱ्यांदा नवं काय आलं आणि जुनं काय गेलं, एवढंच. गेलेलं हेरणं जास्त अवघड असतं, आणि चांगला निर्माता नेमकं तेच करतो: एक आवाज हळूच काढून घेतो आणि पोकळी झाल्याचं तुम्हाला काही मात्रा उलटल्यावर जाणवतं. ऐकताना बेस नीट देणारे हेडफोन किंवा स्पीकर वापरा. फोनच्या स्पीकरवर या ट्रॅकचा अर्धा भाग उमटतच नाही.

नमुन्याच्या क्लिपवरून निकाल देऊ नका. १२५ बीपीएमला चार मात्रांचा एक बार १.९२ सेकंदांचा होतो, म्हणजे १६ बार सरायला जवळपास ३१ सेकंद लागतात. या ट्रॅकचे पहिले ३२ बार बहुधा डीजेसाठी राखलेले असतात, त्याला आधीच्या रेकॉर्डमध्ये हा ट्रॅक मिसळता यावा म्हणून. त्यात नुसता ठेका असतो. मिनिटभर ऐकून 'यात काही घडतच नाही' म्हणणारा खोटं बोलत नाही, पण त्याने ट्रॅक अजून ऐकलेलाच नसतो. क्लिप निदान मध्यापर्यंत पुढे सरकवून ऐका.

पायरी २: चार-पाच जुनी लेबलं पक्की करा

नव्याच्या मागे धावण्याआधी मुळाशी जा. अमेरिकेतल्या डेट्रॉइटपासून, टेक्नोच्या जन्मगावापासून, सुरुवात करा. तिथे रॉबर्ट हूडने १९९४ मध्ये जेफ मिल्सच्या ॲक्सिस लेबलवर 'मिनिमल नेशन' काढलं आणि त्याच वर्षी एम-प्लांट हे स्वतःचं लेबल उभं केलं. टेक्नोतून काय काय काढून टाकलं तरी नाच थांबत नाही, याचं उत्तर या रेकॉर्ड्समध्ये मिळतं. त्याच काळात डॅनियल बेलचं ॲक्सेलरेट होतं. तेही आवर्जून ऐका, कारण पुढच्या मिनिमल हाऊसमधला खट्याळपणा बराचसा तिथून आला आहे, असं माझं मत.

मग बर्लिन. मॉरित्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क एर्नेस्टस यांनी १९९३ मध्ये बेसिक चॅनल सुरू केलं. मोजक्या रेकॉर्ड्स, वाचताही येऊ नयेत अशी पुसट अक्षरं, आणि धुक्यातून आल्यासारखे कॉर्ड. फ्रँकफर्टमध्ये झिप आणि मार्कुस निकोलाय यांनी १९९७ मध्ये काढलेलं पर्लोन हे मिनिमल हाऊसचं माहेरघर म्हणावं असं लेबल. कोलोनचं कोम्पाक्ट जास्त सुरेल, थोडं पॉपकडे झुकणारं. आणि रुमानियातलं 'आर्पियार': राडू, पेट्रे इन्स्पिरेस्कु आणि रारेश या तिघांनी २००७ मध्ये सुरू केलेलं. लांबलचक, पाझरत जाणारे, पहाटे चार वाजता वाजवायचे ट्रॅक. यातलं एखादं तुम्हाला कंटाळवाणं वाटेल. वाटू द्या. कोणतं लेबल आवडत नाही हे कळणंही इथे तितकंच कामाचं आहे.

पायरी ३: लेबलची यादी क्रमाने ऐका

प्रत्येक रेकॉर्डला कॅटलॉग नंबर असतो, लेबलच्या नावाची आद्याक्षरं आणि पुढे आकडा. कलाकाराचं नाव गुप्त ठेवणारी लेबलंही हा नंबर बहुधा लपवत नाहीत. डिस्कॉग्ज या रेकॉर्ड्सच्या ऑनलाइन सूचीवर लेबलचं पान उघडा आणि नंबरांच्या क्रमाने लावा. २००० मध्ये सुरू झालेली ही सूची आधी फक्त इलेक्ट्रॉनिक संगीतापुरती होती, त्यामुळे या प्रकारातल्या नोंदी तिथे फार तपशीलवार सापडतात.

पहिल्या पाच रेकॉर्ड्स ऐका, मग मधल्या दोन, मग सगळ्यात नव्या दोन. लेबल कुठून निघालं आणि कुठे पोचलं हे दोन-तीन तासांत ध्यानात येतं. काही लेबलं पहिल्या दहा नंबरांत सांगायचं ते सांगून मोकळी होतात आणि पुढे तेच दळण दळत बसतात. तिथे थांबा, नुसत्या निष्ठेपोटी सगळा संच जमवू नका. नंबरांत मधेच उडी दिसली किंवा वेगळीच आद्याक्षरं दिसली, तर ते बहुतेक उपलेबल असतं किंवा मर्यादित प्रतींची वेगळी मालिका. चांगला माल पुष्कळदा तिथेच दडलेला असतो.

यादी वाचताना एक कागद जवळ ठेवा आणि दोन लेबलांवर भेटणारी नावं टिपून घ्या. डीजे आणि निर्माता रिकार्डो व्हिलालोबोस प्लेहाऊसवरही आहे आणि पर्लोनवरही, दोन्ही फ्रँकफर्टची. अशी दोन-चार नावं जोडली की लेबलांचं गणगोत आपोआप उलगडत जातं.

पायरी ४: रेकॉर्ड हातात घेऊन वाचा

मधला कागद कोरा असलेली रेकॉर्डही बरंच काही सांगते, फक्त ती उजेडात तिरकी धरावी लागते. खाचा संपतात तिथून मधल्या कागदापर्यंत एक गुळगुळीत पट्टा असतो, त्याला रनआउट म्हणतात. तिथे बारीक अक्षरं कोरलेली दिसतील. ती येतात कशी, तर मास्टरिंग इंजिनीअर आधी लॅकर चढवलेल्या तबकडीवर खाच कोरतो आणि त्याच तबकडीवर हाताने खूण करतो. त्या तबकडीवर धातूचा थर चढवून साचा तयार होतो आणि साच्यातून प्रती निघतात. त्यामुळे एकदा हाताने ओरखडलेलं अक्षर प्रत्येक प्रतीवर उमटतं. आधी कॅटलॉग नंबर आणि बाजू, मग रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्याचा क्रमांक, मग इंजिनीअरची किंवा स्टुडिओची खूण, आणि कधीकधी एखादा वात्रट निरोप.

स्टुडिओची खूण ओळखायला शिकाच. डेट्रॉइटच्या जुन्या रेकॉर्ड्सवर 'एनएससी' असा शिक्का दिसला, तर ती रॉन मर्फीच्या नॅशनल साउंड कॉर्पोरेशनमध्ये कोरलेली. बर्लिनच्या अनेक रेकॉर्ड्सवर डबप्लेट्स अँड मास्टरिंगची खूण सापडेल. हा स्टुडिओ १९९५ मध्ये बेसिक चॅनलच्याच मंडळींनी काढला. अनोळखी लेबलने पहिल्याच रेकॉर्डला चांगल्या इंजिनीअरकडून खाच कोरून घेतली असेल, तर त्या माणसांना आवाजाची कदर आहे, एवढा अंदाज बांधायला हरकत नाही. संगीत चांगलं असेलच याची हमी मात्र खूण देत नाही.

बाजू कशी भरली आहे तेही पाहा. बेसला रुंद खाच लागते. एका बाजूवर जितकी जास्त मिनिटं कोंबाल तितक्या खाचा अरुंद होतात आणि आवाज खाली येतो. क्लबात वाजवायच्या बारा इंची रेकॉर्डला ४५ च्या वेगाने (मिनिटाला ४५ फेरे) एका बाजूवर दहा-बारा मिनिटं ठीक, ३३ ला साधारण पंधरा. वीस मिनिटांच्या वर गेलेली बाजू घरी ऐकायला चालेल, पण दणका कमी असणार. शिवाय सुई केंद्राकडे जाते तसा एका फेऱ्यात कापला जाणारा मार्ग आखूड होत जातो आणि वरचे, चरचरीत आवाज फाटायला लागतात. म्हणून जाणकार लेबल झगझगीत ट्रॅक बाहेरच्या कडेला ठेवतं आणि मऊ, डबकडे (घुमणाऱ्या प्रतिध्वनींच्या शैलीकडे) झुकणारा ट्रॅक 'बी २' ला. माझ्या मते 'बी २' कधीच वगळू नये. 'ए' बाजू डीजेंना विकायची असते, तर 'बी २' मध्ये लेबलवाल्याची स्वतःची आवड दिसते.

पायरी ५: नव्या लेबलांपर्यंत पोचा

स्ट्रीमिंग ॲपच्या शिफारशींवर फार विसंबू नका. मर्यादित प्रतींत निघालेलं बरंच संगीत तिथे नसतंच. काही लेबलं हट्टाने फक्त व्हायनलवर, म्हणजे तबकडीवर, काढतात, आर्पियारची ओळखच तशी.

बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकार आणि लेबलं थेट संगीत विकतात त्या संकेतस्थळावर, एक युक्ती आहे. आवडलेल्या रेकॉर्डच्या पानावर ती विकत घेतलेल्यांची छोटी चित्रं दिसतात. त्यातल्या एखाद्यावर टिचकी मारली की त्या माणसाचा सगळा संग्रह उघडतो. ज्याने तुमच्या आवडीच्या तीन दुर्मीळ रेकॉर्ड्स घेतल्या आहेत त्याचा संग्रह चाळा. कोणत्याही यंत्राने केलेल्या शिफारशीपेक्षा तो भरवशाचा निघतो.

दुसरा रस्ता दुकानांचा. बर्लिनचं हार्ड वॅक्स १९८९ पासून चालू आहे, तेही मार्क एर्नेस्टसचंच. त्यांच्या संकेतस्थळावर प्रत्येक रेकॉर्डखाली एक-दोन ओळींचं वर्णन असतं, अगदी तुटक. तिथल्या लोकांची निवड महिनाभर पाहत राहिलात की कोणत्या शब्दाला किती वजन द्यायचं ते कळायला लागतं. लंडनचं फोनिका आणि रॉटरडॅमचं क्लोन हीही याच जातीची दुकानं. डीजे मिक्सच्या ट्रॅकलिस्टमधून नावं टिपणं सगळेच करतात, त्याबद्दल वेगळं काय सांगायचं.

पायरी ६: विकत घेताना

डिजिटल घ्यायचं तर शक्यतो लेबलच्याच बँडकॅम्प पानावरून घ्या. तिथे डिजिटल विक्रीतला साधारण १५ टक्के हिस्सा कंपनी ठेवते आणि वस्तूंवरचा १० टक्के. व्यवहाराचं शुल्क वजा जाता बाकी रक्कम लेबलकडे जाते. फाइल फ्लॅक किंवा वेव्ह या पूर्ण दर्जाच्या स्वरूपात उतरवून घ्या. विरळ संगीतात झांजेची शेपटी आणि खोलीचा घुमारा यांनाच सगळी किंमत असते आणि कमी दर्जाच्या एमपीथ्रीत आधी तेच खरवडलं जातं.

व्हायनल नवीन असेल तर घाई करावी लागते. छोट्या लेबलची पहिली छपाई बऱ्याचदा ३०० च्या आसपास प्रतींची असते आणि पुन्हा छापतील याचा भरवसा नसतो. पण संपली म्हणून दुसऱ्या दिवशी चौपट किंमत मोजू नका. मागणी दिसली की पुष्कळ लेबलं नंतर पुन्हा छपाई करतात, आणि मग चौपटवाल्यांचे भाव धाडकन खाली येतात. परदेशातून मागवत असाल तर चार-पाच रेकॉर्ड्स एकदम मागवा. एका रेकॉर्डचा टपालखर्च आणि तीन रेकॉर्ड्सचा यात फार फरक पडत नाही. सीमाशुल्काचा आकडा मात्र आधी काढून ठेवा.

जुनी रेकॉर्ड घेताना प्रतवारी काटेकोर वाचा. 'निअर मिंट' म्हणजे जवळपास नवी, 'व्हीजी प्लस' (व्हीजी म्हणजे 'व्हेरी गुड') म्हणजे किरकोळ खुणा असलेली, आणि नुसती 'व्हीजी' म्हणजे खरखर येणार हे गृहीत धरायचं. रॉकच्या रेकॉर्डवर 'व्हीजी' खपून जाते, कारण गिटारींच्या कल्लोळात बारीक टकटक बुडते. मिनिमलमध्ये दोन ठोक्यांच्या मधे मोकळी जागा असते आणि प्रत्येक टकटक तिथे नेमकी ऐकू येते, आधीच क्लिक आणि खरखर वाजवणाऱ्या ट्रॅकमध्ये तर कुठलं मूळचं आणि कुठलं धुळीचं हेही कळत नाही. विक्रेत्याला सरळ विचारा: रेकॉर्ड नुसती पाहून प्रत ठरवली आहे की वाजवून? उत्तर टाळलं तर पुढचा विक्रेता बघा. पाकीट आणि रेकॉर्ड यांची प्रत वेगवेगळी दिलेली असते हेही ध्यानात असू द्या. या प्रकारात पाकीट साधं काळं किंवा पांढरं असतं, त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

पायरी ७: वेग तपासा

ही पायरी हसण्यावारी नेऊ नका. गाणारा आवाज नसल्यामुळे चुकीच्या वेगाने वाजलेली मिनिमल रेकॉर्ड सहज खपून जाते, आणि मधल्या कोऱ्या कागदावर वेग लिहिलेला नसतोच. क्वचित 'ए' बाजू ४५ ची आणि 'बी' ३३ ची असते. दोन्ही वेगांत १.३५ चं गुणोत्तर आहे. १२५ बीपीएमचा, ४५ वर वाजवायचा ट्रॅक ३३ वर लावला तर तो ९३ च्या आसपास जातो. उलट केलं तर १६९ च्या घरात. मिनिटभर ठोके मोजा, १२० ते १३० मध्ये बसेल तो वेग बहुतेक वेळा बरोबर. अर्थात ४५ ची रेकॉर्ड मुद्दाम ३३ वर लावून, पिच (वेग कमी-जास्त करायची पट्टी) वर ८ टक्क्यांपर्यंत रेटून वाजवणारे डीजेही आहेत. १२५ चा ट्रॅक मग १०० वर येऊन रेंगाळतो, आणि काही ट्रॅक तसेच जास्त झकास वाजतात.