खारीला कुठे किती भीती वाटते, हे मोजायचं कसं?

वाळूत पुरलेले दाणे खार शोधत असते तेव्हा सुरुवातीला भराभर सापडतात. जसजसे ते कमी होतात, तसतसा पुढच्या दाण्याला जास्त वेळ लागतो, आणि त्या सगळ्या वेळात शिक्रा किंवा मांजर झडप घालण्याचा धोका असतोच. मिळणारा दाणा त्या धोक्याच्या मानाने परवडेनासा झाला की खार उठून जाते. म्हणून मागे उरलेले दाणे मोजले की तिची भीती मोजता येते. ही पद्धत परिसंस्थाशास्त्रज्ञ जोएल ब्राउन यांनी १९८८ साली मांडली. ती घरच्या अंगणातही करता येते.

एकसारखे तीन उथळ ट्रे घ्या, साधारण ३० बाय ४० सेंमीचे. प्रत्येकात ४ लिटर कोरडी, चाळलेली वाळू भरा. दाणे अडतील पण वाळू खाली पडेल अशी चाळणी हवी. कच्चे, बिनमिठाचे शेंगदाणे हलके भाजून, सालं काढून पाकळ्या करा. बुरशीचा वास येणारे फेकून द्या. अख्खा दाणा वापरू नका. मोठा घास खार झाडावर नेऊन खाते, छोटा जागेवरच संपवते, आणि आपल्याला ती ट्रेपाशी किती वेळ थांबायला तयार आहे तेच बघायचं आहे.

एक ट्रे झाडाच्या बुंध्याशी, दुसरा ३ मीटरवर, तिसरा ६ मीटरवर ठेवा. तिन्ही जागी ऊन-सावली सारखीच हवी, नाहीतर भीतीऐवजी उन्हाचा चटका मोजला जाईल. पहिले चार-पाच दिवस पाकळ्या वरच पसरा, मग हळूहळू पुरायला लागा. या दिवसांची मोजणी धरायची नाही. त्यानंतर रोज सकाळी ७ वाजता प्रत्येक ट्रेमध्ये ४० पाकळ्या वाळूत नीट मिसळा, पृष्ठभाग हाताने सपाट करा, १० वाजता ट्रे उचला, चाळा, मोजा. किमान सहा दिवस तरी करा. जागा तीच ठेवून ट्रे मात्र आपसात बदलत राहा.

तिन्ही ट्रे रिकामे झाले तर काम फार सोपं झालंय: वाळू वाढवा. सपाट वाळूवर साळुंकीचे किंवा कावळ्याचे पाय उमटलेले दिसले तर त्या दिवसाचा आकडा सोडून द्या. पक्षी रोजच येत असतील तर खार आत जाईल पण पक्षी जाणार नाहीत अशी जाळी लावा, पण लावायची तर तिन्हींवर, कारण जाळीनेही खारीला आडोसा वाटू शकतो. रात्री ट्रे बाहेर ठेवलात तर आकडा उंदरांचा येईल. अंगणात मांजर वावरत असेल तर हा प्रयोग करूच नका. खारींना रोज एकाच ठिकाणी बोलावणं म्हणजे त्यांना शिकारीच्या तोंडी देणं.

समजा बुंध्याशी ६, ३ मीटरवर ११ आणि ६ मीटरवर १९ पाकळ्या उरल्या. बुंध्यापेक्षा उघड्यावर जास्त उरलेल्या १३ पाकळ्या खारीने सुरक्षिततेसाठी सोडल्या. तुलना एकाच दिवसाच्या तीन ट्रेंची करा. जवळच जांभूळ पिकलं की तिन्ही आकडे एकदम चढतात, आणि त्याचा भीतीशी काहीच संबंध नसतो.

फरक पक्का दिसला की ६ मीटरच्या ट्रेलगत तोडलेल्या फांद्यांचा ढीग रचा आणि पुन्हा सहा दिवस मोजा. उरलेल्या पाकळ्या घटल्या तर खारीला ढीग लपायची जागा वाटतो. वाढल्या तर त्याच ढिगाआड कुणी दबा धरून बसेल, याचं भय तिला जास्त आहे.