पहिली कयाक घेताना या चुका टाळा

कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, लहान होडी. तिच्या माहितीपत्रकावर छापलेली कमाल वजनक्षमता हीच आपली मर्यादा समजणे, ही नवशिक्यांची सर्वांत धोकादायक चूक आहे. एवढ्या वजनाला कयाक जेमतेम तरंगते. ती नीट चालण्यासाठी माणूस, पाणी, डबा आणि सामान यांचे एकूण वजन त्या आकड्याच्या 70 टक्क्यांच्या आत असावे, असा दंडक मी पाळतो.

एका उन्हाळ्यात मुळशीच्या जलाशयावर आमच्याबरोबर आलेल्या एका धिप्पाड गृहस्थांनी आठ फुटी, 110 किलो क्षमतेची, आत बसायची कयाक आणली होती. त्यांचे स्वतःचे वजन 95 किलो, शिवाय तंबू आणि पाण्याचा कॅन. सकाळी पाणी संथ होते तोवर काही जाणवले नाही. दुपारी वारा सुटला, तेव्हा पाठीमागच्या काठावरून लाटा आत येऊ लागल्या. त्या कयाकमध्ये पुढेमागे हवाबंद कप्पे नव्हते, त्यामुळे शिरलेले पाणी टोकापासून टोकापर्यंत पसरले, ती जराशी कलताच सगळे पाणी एका अंगाला धावले आणि कयाक उलटली. लाइफ जॅकेट घातलेले असल्याने ते गृहस्थ सुखरूप राहिले. मात्र पाण्याने भरलेले ते धूड किनाऱ्याला ओढून आणताना आम्हा दोघांचे खांदे भरून आले.

कोकणातल्या खाड्यांसाठी नवख्या माणसाने वर बसायची, म्हणजे उघड्या पृष्ठभागावर बसून चालवायची, साधारण 30 इंच रुंदीची कयाक घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यात आलेले पाणी तळाच्या भोकांवाटे आपोआप निघून जाते आणि पडल्यावर पुन्हा चढता येते. दोन रविवार वल्हे मारून लगेच 22 इंची सागरी कयाक मागणाऱ्यांची घाई मला पटत नाही. तोल शरीरात मुरायला वेळ द्यावाच लागतो. याउलट देवबागजवळ कर्ली नदीच्या मुखाशी ओहोटीच्या प्रवाहाविरुद्ध लांबवर जायचे असेल, तर नऊ फुटी आखूड कयाक दमवते. तिथे बारा फूट तरी हवेत.

बसून न पाहता कयाक विकत घेऊ नये. दुकानातल्या फरशीवर का होईना, अर्धा तास बसावे. पाय टेकूवर असताना गुडघे किंचित वाकलेले राहावेत. उंच माणसाला ते पोटाशी घ्यावे लागत असतील किंवा पायांना मुंग्या येत असतील, तर ती कयाक त्याची नव्हे. आत बसायच्या कयाकमध्ये कंबर सैल राहिली, तर अंग झुकवून ती वळवता येत नाही.

कधीतरी कुणी सोबत येईल म्हणून दोन आसनी कयाक घेऊ नये. तीस किलोंची कयाक गाडीच्या टपावर एकट्याने चढवता येते का, हे पैसे देण्याआधी करून पाहावे. रुंद कयाकला 230 ते 240 सेंटिमीटरचे वल्हे लागते. त्याहून आखूड वल्ह्याने कयाकच्या काठावर घासून बोटांची सालटी निघतात.